सरावाच्या उड्डाणात गेलेल्या वैमानिकांचा शोध: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदसेवेचे परीक्षण

दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे एकही विमान न पाहता मरण पावलेल्या हवाई दलाच्या माणसांची संख्या आपल्या कल्पनेपेक्षा खूप मोठी आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांड या बॉम्बफेकी विभागाची ५५,५७३ माणसे युद्धात मरण पावली आणि त्यांतली पाच हजारांहून अधिक प्रशिक्षणाच्या उड्डाणांत गेली. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ या काळात स्वतःच्या देशाच्या भूमीवर, जिथे युद्धाची आघाडी नव्हती तिथे, विमान अपघातांत १४,९०३ माणसे गमावली आणि त्यांत प्रशिक्षणाचा वाटा मोठा होता. युद्धाच्या इतिहासात या मृत्यूंना जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो. त्यांतल्या एखाद्या माणसाचे नाव, वय, गाव आणि दफनाची जागा शोधायची असेल, तर निदान राष्ट्रकुलातील देशांपुरते सर्वांत आधी उघडावे असे संकेतस्थळ म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचे. त्यावरची नोंदशोधाची सेवा मी प्रामुख्याने याच कामासाठी वापरत आले आहे, त्यामुळे हे परीक्षणही त्याच एका अंगाने लिहिलेले आहे.

आयोगाची स्थापना १९१७ साली राजसनदेने झाली. आज दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांची नावे त्याच्याकडे नोंदलेली आहेत आणि दीडशेहून अधिक देशांतील दफनभूमी व स्मारके त्याच्या देखरेखीखाली आहेत. त्याचा खर्च उचलणाऱ्या सहा भागीदार देशांत भारतही आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. शोध विनामूल्य आहे आणि त्यासाठी नावनोंदणी करावी लागत नाही. आडनाव, नाव, दल, हुद्दा, मृत्यूची तारीख, देश, दफनभूमी यांपैकी काहीही भरून शोध घेता येतो आणि मिळालेली यादी तक्त्याच्या रूपात उतरवूनही घेता येते. वंशावळ शोधणाऱ्यांसाठीच्या अनेक सेवा पहिल्या पानानंतर पैसे मागतात, त्यांच्या तुलनेत ही सेवा किती मोकळी आहे हे वापरल्यावरच कळते.

प्रशिक्षणात गेलेल्यांच्या दृष्टीने या सेवेची सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिच्या तंत्रात नसून आयोगाच्या मूळ नियमात आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी आयोगाने ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ ही मुदत धरलेली आहे. या काळात जो सैनिक सेवेत असताना मरण पावला, तो कसा मेला हे आयोग विचारत नाही. बर्लिनवर गोळीबारात कोसळलेल्या लँकेस्टर बॉम्बरचा वैमानिक आणि पहिल्यांदाच एकट्याने टायगर मॉथ हे सराव-विमान उडवताना धावपट्टीशेजारच्या शेतात आदळलेला शिकाऊ पोरगा या दोघांना त्याच मापाची, त्याच घडणीची शिळा मिळते. हुद्द्यावरून शिळेचा आकार बदलत नाही. ज्या काळात रणांगणावरचा मृत्यू हाच काय तो खरा मृत्यू समजला जात होता, त्या काळात असा नियम करणे आणि तो पाळणे हे मोठे काम होते असे मला मनापासून वाटते.

याच समान वागणुकीमुळे एक अडचणही उभी राहते. मृत्यूचे कारण विचारायचेच नाही असे ठरल्यावर ते नोंदवलेही गेले नाही. कोणत्याही वैमानिकाचे पान उघडा: नाव, हुद्दा, सेवाक्रमांक, तारीख, वय, दल, दफनभूमी, कबरीचा क्रमांक एवढे दिसते. विमान कोणते होते, ते कुठे पडले, उड्डाण कशासाठी होते, याचा मागमूस नसतो. त्यामुळे "प्रशिक्षणात गेलेले सगळे दाखवा" असा शोध या सेवेत घेताच येत नाही. ही माणसे नोंदवहीत आहेत, पण इतरांत मिसळलेली आहेत, आणि त्यांना ओळखायचे तर नोंदी कशा वाचायच्या हे वाचकाला स्वतः शिकून घ्यावे लागते. सेवेचा उपयोग किती होईल हे बव्हंशी या वाचनावर अवलंबून आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

सुरुवात टेक्सासमधल्या टेरेल गावाच्या ओकलँड मेमोरियल पार्क या दफनभूमीपासून करावी असे मी सुचवेन. यादी छोटी आहे, आणि डॅलसच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर ते गाव गाडीने तासाभरात गाठता येते. ब्रिटनचे आकाश सतत ढगाळ, रात्री दिवेबंदी, त्यात शत्रूच्या विमानांचा धोका; अशा ठिकाणी हजारो नवशिक्यांना उडायला शिकवणे अवघड होते. म्हणून प्रशिक्षणाचा मोठा भाग समुद्रापार नेण्यात आला. १९४१ च्या उन्हाळ्यात, अमेरिका अजून युद्धात उतरलेली नसताना, ब्रिटिश कॅडेट कॅनडामार्गे साध्या नागरी कपड्यांत अमेरिकेत दाखल झाले आणि टेरेल इथे नागरी कंपनीने चालवलेल्या १ क्रमांकाच्या ब्रिटिश उड्डाणशाळेत शिकू लागले. आधी स्टिअरमन हे दुपंखी विमान, मग व्हल्टी आणि शेवटी एटी-६, म्हणजे ब्रिटिश ज्याला हार्वर्ड म्हणत ते, असा क्रम होता. युद्ध संपेपर्यंत दोन हजारांहून अधिक कॅडेट तिथे शिकले. त्यांतले वीस जण आजही टेरेलमध्येच आहेत.

दफनभूमीचे नाव भरून शोध घेतला की हे वीस जण समोर येतात. बहुतेकांचे वय विशीच्या आसपास. हुद्द्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी लीडिंग एअरक्राफ्टमन, म्हणजे उड्डाणाचे शिक्षण चालू असलेल्या पोराचा नेहमीचा हुद्दा. "अधिक माहिती" या रकान्यात आईवडिलांची नावे आणि इंग्लंडमधले एखादे गाव किंवा लंडनचे एखादे उपनगर. यादी तारखेनुसार लावली की बहुतेक तारखा एकेकट्या दिसतात आणि मध्येच २० फेब्रुवारी १९४३ या एकाच तारखेच्या चार नोंदी लागोपाठ येतात. नोंद याहून अधिक काही सांगत नाही. त्या दिवशी टेरेलहून ओक्लाहोमाकडे निघालेल्या एटी-६ विमानांपैकी दोन विमाने खराब हवेत कियामिची डोंगररांगेत मॉयर्स गावाजवळ आदळली आणि प्रत्येक विमानातले दोन्ही कॅडेट गेले, हे दुसरीकडून शोधावे लागते. तिथल्या शाळकरी मुलांनी या अपघाताचा अभ्यास करून पुढाकार घेतला आणि २००० साली त्या डोंगरात स्मारक उभे राहिले. आयोगाच्या नोंदीत त्या डोंगराचे नाव नाही, पण चार नोंदींची एकच तारीख नजरेस पडली नसती तर पुढचा शोध सुरूच झाला नसता.

एकच तारीख, एकच दफनभूमी, लागोपाठचे कबरक्रमांक आणि शिकाऊ हुद्दे असा मेळ जुळला की बहुधा एकच अपघात असतो. दोन नोंदी असतील तर शिक्षक व विद्यार्थी, किंवा हवेतल्या हवेत झालेली टक्कर, असा अंदाज करता येतो. एकटी नोंद असेल तर एकट्याने केलेले उड्डाण असू शकते: वेग घटून पंखांखालचा आधार सुटणे, गिरक्या घेत खाली येणाऱ्या विमानाला सावरायला उंची न उरणे, रात्रीच्या अंधारात क्षितिज हरवणे, धुके. अर्थात एकटी नोंद आजारपणाची किंवा रस्त्यावरच्या अपघाताचीही असू शकते, त्यामुळे अंदाजाला अंदाज म्हणूनच ठेवावे. अलाबामातील माँटगोमेरीच्या ओकवुड दफनभूमीत ब्रिटिश हवाई दलाची ७८ माणसे आहेत. तिथे ही पद्धत वापरून पाहिली की अमेरिकेच्या दक्षिण भागातील त्या प्रशिक्षणाचा आवाका लक्षात येतो.

कॅनडाची गोष्ट आकाराने आणखी मोठी आहे. १७ डिसेंबर १९३९ च्या करारानुसार सुरू झालेल्या राष्ट्रकुल हवाई प्रशिक्षण योजनेतून १,३१,५५३ जण तयार होऊन बाहेर पडले आणि त्या योजनेने जे बळी घेतले ते मॅनिटोबा, सास्काचेवान, अल्बर्टा, ऑन्टारियोच्या लहान लहान गावांच्या दफनभूमींत विखुरले आहेत. इथे सेवेचा एक उत्तम उपयोग होतो. देश म्हणून कॅनडा आणि दल म्हणून ब्रिटनचे, ऑस्ट्रेलियाचे किंवा न्यूझीलंडचे हवाई दल निवडले, तर समोर येणाऱ्या नोंदींत प्रशिक्षणाशी संबंधित माणसे मोठ्या संख्येने असतात, कारण इतक्या दूर ती मुख्यतः त्याच कामासाठी आली होती. कॅनडाच्या स्वतःच्या मुलांबाबत ही युक्ती चालत नाही, कारण त्यांचे मृतदेह सहसा घरी पाठवले गेले आणि ते आपापल्या गावच्या दफनभूमीत आहेत. ज्यांचा देह मिळालाच नाही त्यांच्यासाठी ओटावाच्या ग्रीन आयलंडवर स्मारक आहे. कॅनडा, अमेरिका आणि वेस्ट इंडिजमधल्या तळांवरून उडताना किंवा कॅनडा व अमेरिकेत प्रशिक्षण घेताना बेपत्ता झालेल्या सुमारे ८०० जणांची नावे त्यावर आहेत. समुद्रावर किंवा मोठ्या सरोवरांवर सरावाला गेलेले आणि परत न आलेले तरुण शोधायचे असतील तर या स्मारकाच्या नावाने शोध घ्यावा.

ब्रिटनमधल्या नोंदी वाचताना मात्र फसगत होण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. तिथे कुटुंबाने मागणी केली तर मृतदेह गावी पाठवला जाई. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला अपघातात गेलेला मुलगा केंटमधल्या एखाद्या खेड्यातल्या चर्चच्या आवारात असतो आणि आयोगाच्या पानावर फक्त त्या चर्चचे नाव दिसते. पान वाचणाऱ्याला वाटावे की तो तिथेच गेला. याउलट कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या मुलांना घरी नेणे शक्य नव्हते, म्हणून हॅरोगेटजवळच्या स्टोनफॉल किंवा चेस्टरजवळच्या ब्लेकन यांसारख्या मोठ्या दफनभूमींत ती एकत्र आहेत. त्यामुळे एखाद्या तळाच्या परिसरातील अपघात शोधताना आधी या परदेशी मुलांच्या नोंदी पाहाव्या, त्यांच्या मृत्यूची तारीख घ्यावी आणि मग ती तारीख भरून देशभरातल्या ब्रिटिश नोंदी चाळाव्या. एकाच विमानातली माणसे चार परगण्यांत विखुरलेली अशा रीतीने सापडतात. काम वेळखाऊ आहे, पण याहून सोपी वाट या सेवेत नाही.

यातला एक अपघात मला विशेष लक्षात घ्यावासा वाटतो. ११ डिसेंबर १९४१ रोजी लिंकनशायरवर ढगांतून खाली येणाऱ्या स्पिटफायर या लढाऊ विमानाची आणि क्रॅनवेलहून निघालेल्या ऑक्सफर्ड या सराव-विमानाची टक्कर झाली. स्पिटफायरमध्ये जॉन मॅगी होता. वडील अमेरिकन, आई ब्रिटिश, कॅनडाच्या हवाई दलातून लढायला आलेला, वय १९. त्याच्या एका कवितेमुळे त्याचे नाव जगभर झाले आणि स्कॉपविकच्या छोट्या दफनभूमीतील त्याच्या शिळेवर त्याच्याच ओळी कोरलेल्या आहेत. ऑक्सफर्डमध्ये अर्नेस्ट ऑब्री ग्रिफिन हा शिकाऊ वैमानिक होता. मॅगीविषयी लिहिणारे बहुतेक जण त्याचा उल्लेख "दुसरे विमान" असा करून पुढे जातात. आयोगाच्या सेवेत मात्र या दोघांची पाने शेजारी उघडून ठेवली तर दोन्हींची मांडणी हुबेहूब सारखी दिसते. तेच रकाने, तोच टंक, तीच तारीख. प्रसिद्धीने केलेली वाटणी त्या पानांवर नाही, आणि मला या सेवेविषयी जो आदर वाटतो त्याचे कारण नेमके हे आहे.

शिकणारे सगळे नवखे होते असेही समजू नये. १३ एप्रिल १९४१ रोजी स्कॉटलंडमधल्या किनलॉस तळावरून एक अँसन विमान सहा जणांना घेऊन प्रशिक्षणाच्या उड्डाणाला निघाले. वैमानिक दक्षिण आफ्रिकेचा, डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळवलेला. बर्फाच्या वादळात ते विमान असिंट भागातील डोंगरावर कोसळले आणि सुमारे सहा आठवड्यांनी त्याचे अवशेष सापडले. ती जागा इतकी उंच आणि दुर्गम होती की सहाही जणांना तिथेच, विमानाच्या अवशेषांशेजारी पुरावे लागले, आणि ते अजूनही तिथेच आहेत. खाली इंचनाडॅम्फच्या जुन्या चर्चच्या आवारात त्यांच्या नावांची नोंद आहे. डोंगरावरची मूळ दगडांची रास हवापाण्याने ढासळू लागली, तेव्हा आयोगाने २०१३ साली चिनूक हेलिकॉप्टरने ग्रॅनाइटची नवी शिळा वर नेऊन बसवली. ऑनलाइन नोंद ही आयोगाच्या कामाची एक बाजू, आणि माणसे क्वचितच पोहोचतील अशा डोंगरावर बहात्तर वर्षांनी शिळा बदलणे ही दुसरी. सेवेचे मूल्यमापन करताना या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या पाहिजेत, कारण संकेतस्थळावरचे प्रत्येक पान प्रत्यक्षात जपल्या जाणाऱ्या एखाद्या कबरीशी किंवा स्मारकावर कोरलेल्या नावाशी बांधलेले आहे.

स्कॉटलंडमधल्या लॉक नेस सरोवरातल्या वेलिंग्टन बॉम्बरचा उल्लेखही इथे करते. १८ डिसेंबर १९३९ च्या हेलिगोलँडच्या हवाई लढाईतून हे विमान सुखरूप परतले होते. पुढे ते प्रशिक्षणाला दिले गेले आणि ३१ डिसेंबर १९४० रोजी लॉसीमाउथहून सरावाला निघाले असताना इंजिन बंद पडल्याने लॉक नेसमध्ये उतरवावे लागले. विमानातून उडी मारलेल्यांपैकी मागचा गनर पॅराशूट अडकल्याने गेला. १९८५ साली विमान वर काढले गेले आणि आता ते ब्रुकलँड्स संग्रहालयात आहे. लढाईत झिजलेली विमाने शिकाऊंच्या हाती देण्याचा रिवाज किती महागात पडत होता हे समजण्यासाठी या एका विमानाचा प्रवास पुरेसा आहे. आयोगाच्या नोंदीत मात्र त्या गनरच्या नावापुढे फक्त तारीख मिळेल.

आता भारताकडे. पुण्यातील वाचकाने शोध घेताना दफनभूमीच्या नावात "खडकी" लिहिले तर हाती काही लागणार नाही, तिथे इंग्रजी अमदानीतले "किर्की" हेच नाव रोमन लिपीत भरावे लागते. या दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ जण आहेत आणि त्यांत हवाई दलाची माणसेही आहेत. मात्र ही दफनभूमी पश्चिम व मध्य भारतातील ज्या जागांची कायमची देखभाल शक्य नव्हती तिथल्या कबरी एकत्र आणण्यासाठी केली गेली. म्हणून खडकीत ज्याची कबर आहे तो पुण्याच्याच परिसरात गेला असे मानणे चुकीचे ठरेल. तारीख मिळाली की अपघाताची जागा वेगळी शोधावी लागते, ब्रिटनप्रमाणेच.

भारतीय हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांचा शोध याहून कठीण आहे. युद्धकाळात बेगमपेट आणि जोधपूर इथे टायगर मॉथवर प्राथमिक शिक्षण आणि अंबाल्याला पुढचे शिक्षण अशी व्यवस्था होती. हिंदू आणि शीख मृतांचे दहन होत असल्याने त्यांची कबर नसते, नाव कुठल्या तरी स्मारकाच्या यादीत असते. दिल्ली वॉर सिमेट्रीतील दिल्ली व कराची स्मारकांच्या यादीत अविभाजित भारताच्या सैन्यातील २५,००० हून अधिक नावे आहेत, तर दक्षिण व पूर्व आशियाच्या आकाशात बेपत्ता झालेले हवाई सैनिक सिंगापूरच्या स्मारकावर आहेत. त्यात भारतीय नावांची नोंद करताना कुणाचे आडनाव आहे, कुणाचे नाही, कुणाचे सगळे नाव एकाच रकान्यात घातलेले. पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश सैन्याच्या हवाई शाखेत गेलेले मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर हे याचे आपल्याला जवळचे उदाहरण. ते फ्रान्सच्या आघाडीवर जून १९१८ च्या अखेरीस लढाईत गेले, त्यामुळे या परीक्षणाच्या विषयात ते बसत नाहीत. पण त्यांचे आडनाव रोमन लिपीत "वेलिंकर" असा उच्चार होईल अशा अक्षरांत नोंदलेले आहे आणि आपण जसे लिहू तसे लिहिल्यास ते सापडत नाहीत. मराठी नावे शोधताना रोमन अक्षरांचे तीन-चार पर्याय करून पाहावेत. "अधिक माहिती" या रकान्यात जिल्ह्याचे नाव, म्हणजे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, घालून शोध घेणे हा त्याहून खात्रीचा उपाय आहे, कारण भारतीय नोंदींत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो.

समान वागणुकीविषयी मी वर जे लिहिले त्याला एक गंभीर अपवाद आहे आणि तो सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. २०२१ साली आयोगानेच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे, मुख्यतः आफ्रिकी आणि आशियाई, स्मरण इतरांपेक्षा कमी दर्जाने झाले आणि निदान १,१६,००० जणांची नावे कुठेच कोरली गेली नाहीत, असे त्यात मान्य केले गेले. आयोगाने त्याबद्दल माफी मागितली आणि गहाळ नावे शोधण्याचे काम हाती घेतले. म्हणून भारतीय नाव सापडले नाही तर तो माणूस नव्हताच असा निष्कर्ष काढू नये. पुराव्यासह राहून गेलेले नाव कळवण्याची सोय संकेतस्थळावर आहे आणि तिचा उपयोग आपल्याकडच्या कुटुंबांनी करायला हवा.

नोंदीच्या पानावर खाली मूळ कागदपत्रांच्या प्रतिमा असतात, त्या उघडायला विसरू नका. कबरींच्या नोंदीचे टंकलिखित तक्ते, शिळेवर कोणता मजकूर कोरायचा याचे तक्ते, त्यांवर शाईने खोडून वर लिहिलेल्या दुरुस्त्या, बदललेला कबरक्रमांक, दुरुस्त केलेले वय. शिळेवर कुटुंबाने निवडलेली ओळही काही नोंदींत दिसते. त्या ओळीला मोजक्याच अक्षरांची मर्यादा होती आणि तेवढ्यात आईबापांनी काय लिहिले हे वाचताना माझा हात नेहमीच थांबतो. एका ऐवजी पाच-सहा जणांचा तक्ता एकाच पानावर मिळाला तर एकाच अपघातातली माणसे ओळखणेही सोपे जाते.

सेवेच्या उणिवा मोजक्या पण ठळक आहेत. मृत्यूचे कारण नाही, हे सांगून झाले. तुकडी किंवा तळ हवाई दलाच्या नोंदींत अनेकदा दिलेला नसतो, त्यामुळे एखाद्या प्रशिक्षण तुकडीचे सगळे मृत एकत्र पाहता येत नाहीत. ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटमध्ये, म्हणजे लढाऊ तुकडीत जाण्यापूर्वीच्या प्रशिक्षण तुकडीत, असलेली माणसे शिक्षण संपवून सार्जंट किंवा अधिकारी झालेली असत, म्हणून हुद्द्यावरून त्यांना लढाऊ तुकडीतल्या माणसांपासून वेगळे काढता येत नाही. अमेरिकेच्या सैन्यातली माणसे या नोंदींत नाहीत. शोध रोमन लिपीतच घ्यावा लागतो. यांतली पहिली उणीव आयोगाने दूर करावी अशी माझी अपेक्षा नाही, कारण मृत्यूचे कारण न विचारणे हाच त्याच्या कामाचा पाया आहे. तुकडीचा रकाना भरून काढणे मात्र शक्य आहे आणि व्हायला हवे.

पुढच्या शोधासाठी काय करावे हेही सांगते. अपघाताचे कारण हवे असेल तर ब्रिटिश हवाई दलाच्या अपघातांची फॉर्म ११८० नावाची कार्डे पाहावी लागतात. विमान, जागा, वेळ आणि चौकशीचा निष्कर्ष त्यांवर थोडक्यात असतो. लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एआयआर ८१ या मालिकेत हवाई दलाच्या मृत व बेपत्ता माणसांच्या फाइली टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील ए७०५ या मालिकेतल्या बऱ्याच फाइली घरबसल्या वाचता येतात आणि प्रशिक्षणातल्या अपघातांबाबत त्या फार तपशीलवार असतात. भारतीय हवाई दलासाठी भारत रक्षक या संकेतस्थळावरच्या याद्या उपयोगी पडतात. या सगळ्या ठिकाणी जाण्यापूर्वी हातात अचूक नाव, सेवाक्रमांक आणि तारीख असावी लागते आणि ती आयोगाच्या सेवेइतक्या सहज दुसरीकडे मिळत नाही.

ज्यांना फक्त उत्सुकता आहे त्यांनी टेरेलच्या वीस नोंदींपासून सुरुवात करावी. ज्यांच्या घरी युद्धात हवाई दलात गेलेल्या आजोबांच्या किंवा पणजोबांच्या भावाचा फोटो आहे आणि "ट्रेनिंगमध्ये गेला" एवढेच ऐकून माहीत आहे, त्यांनी फोटोमागे लिहिलेले काही असेल तर ते आधी नीट पाहावे. सेवाक्रमांक मिळाला तर नावाच्या स्पेलिंगची अडचण उरत नाही. मग तो क्रमांक शोधचौकटीत भरावा, आणि नोंद सापडली नाही तर घरातील कागदांच्या प्रती काढून आयोगाकडे ते नाव कळवावे.